महामारीत चर्चमधील गायन: ध्वनिमुद्रण लावावे, की एकाने प्रत्यक्ष गावे?

निर्मळतळे

नमस्कार मंडळी,

वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी बरीच वर्षे गायकवृंदाचे काम पाहते. पुन्हा कधी चर्च बंद ठेवण्याची वेळ आली, तर उपासनेतील संगीत कसे चालवावे याचे एक टिपण लिहून ठेवावे, असे आमच्या धर्मग्राम परिषदेने सुचवले आहे. ते लिहिण्यापूर्वी कोकणपट्टीतील इतर ठिकाणांचा अनुभव ऐकावा म्हणून हा धागा काढत आहे.

२०२० साली राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. त्या दिवसापासून उपवासकाळाच्या नियमाप्रमाणे आल्लेलुया थांबले. ते पुन्हा गायचे ते १२ एप्रिलच्या ईस्टरला. पण २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतचा सारा पवित्र आठवडा रिकाम्या बाकांसमोर झाला. ४ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने धार्मिक स्थळांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत शक्यतो ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत लावावे आणि गायकवृंदांना परवानगी देऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. महाराष्ट्रात दारे उघडली ती १६ नोव्हेंबरला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली ती थेट ७ ऑक्टोबरपर्यंत.

या काळात आमच्याकडे दोन पक्ष पडले. थेट प्रक्षेपणात गायकवृंदाची जुनी ध्वनिमुद्रणे लावावीत, म्हणजे लोकांना ओळखीचे आवाज ऐकू येतील आणि कोणालाही धोका राहणार नाही, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, एक गायक आणि एक वादक एवढेच का असेनात, पण त्यांनी त्या मिस्सात (कॅथलिक उपासनाविधीत) प्रत्यक्ष गावे. मी दुसऱ्या पक्षात होते आणि आजही आहे. उपासनेतले गाणे ही त्या क्षणी केलेली प्रार्थना असते. मागच्या वर्षीच्या सणाला केलेली प्रार्थना आज यंत्रातून लावली, तर ती आजची कशी होईल? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकांच्या सक्रिय सहभागावर इतका भर दिला, तो लोकांनी ऐकत बसावे म्हणून निश्चितच नव्हे.

आपापल्या ठिकाणी काय केले आणि त्यातले काय उपयोगी पडले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सागरीवैद्य

निर्मळतळेताई, विषय महत्त्वाचा आहे. मी रत्नागिरीत वैद्यकीय व्यवसाय करतो, त्यामुळे आधी सुरक्षिततेची बाजू मांडतो. ती स्पष्ट झाली, तर पुढचा वाद सोपा होईल.

गायकवृंदांवर बंदी आली तिच्यामागे ठोस कारण होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन येथे स्कॅजिट व्हॅली कोराल नावाचा गायकवृंद १० मार्च २०२० रोजी एका चर्चच्या सभागृहात अडीच तास सरावाला बसला होता. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले. त्यांतील ३३ जणांचे निदान चाचणीने पक्के झाले, बाकीच्यांचे लक्षणांवरून धरले गेले, आणि दोघे दगावले. सरावाच्या वेळी लक्षणे असलेली व्यक्ती एकच होती. बंद जागा, जवळजवळ मांडलेल्या खुर्च्या, दीर्घ वेळ आणि मोकळ्या गळ्याने गाणे, असे सगळे तेथे एकत्र आले होते.

त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २५ व्यावसायिक गायकांचे मोजमाप करून दाखवले की, आवाज सारख्याच जोराचा ठेवला, तर गाणे आणि बोलणे यांत बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचा फरक फार मोठा नसतो. आवाज चढवला, की मात्र कण झपाट्याने वाढतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये सगळी दारे-खिडक्या उघडी ठेवून एकाने माइकसमोर मध्यम आवाजात थोडा वेळ गाणे आणि तीस जणांनी गायकवृंदाच्या माडीवर दाटीवाटीने उभे राहून गाणे, या दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. ताईंची बाजू मला वैद्यकीयदृष्ट्या मान्य आहे. अट एवढीच, की गाणाऱ्याला ताप-खोकला असेल, तर बदली गायक तयार हवा.

ध्वनिवेध

मी मूळचा आगाशीचा असून मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यापासून गावाकडून एकच विचारणा येत होती: झूमवर सगळ्यांना जोडून आपण एकत्र गाऊ शकू का? ते का जमत नाही, हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण टिपणात त्याची गरज पडेल.

दोन गाणाऱ्यांना एकमेकांचा आवाज साधारण वीस ते तीस मिलिसेकंदांच्या आत ऐकू आला, तर ते एका लयीत राहू शकतात. झूमसारख्या सोयींत हे अंतर शंभर-दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक होते. प्रत्येक जण समोरच्यासाठी थांबतो, समोरचा त्याच्यासाठी थांबतो, आणि एका कडव्यातच लय बसकण मारते. शिवाय ही सोय बोलण्यासाठी बनवलेली असल्यामुळे सलग टिकणाऱ्या सुराला ती पंख्याचा आवाज समजते आणि दाबून टाकते. हार्मोनियमचा भरलेला सूर पलीकडे तुटक-तुटक ऐकू येतो, तो यामुळेच. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज तसाच पाठवण्याचा पर्याय चालू केला, तर ही दुसरी अडचण बरीच कमी होते. पहिली मात्र तशीच राहते. जॅमुलससारखी कमी विलंबाची सॉफ्टवेअरे आहेत, पण त्यांना तारेचे इंटरनेट आणि तारेचेच हेडफोन लागतात, आणि आपल्या गावांत बहुतेकांकडे होता तो मोबाइलचा डेटा.

म्हणून जे शक्य होते ते केले. प्रत्येकाला तालाचा ठोका आणि पेटीची साथ आधी पाठवली, प्रत्येकाने घरी एका कानात ती ऐकत आपला भाग स्वतंत्र मुद्रित केला आणि ते सगळे मी जुळवले. ब्लूटूथचा इअरफोन वापरू नये, हे सगळ्यांना बजावून सांगावे लागले, कारण त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि गाणारा नेमका तेवढाच मागे पडतो. खोलीतला घुमारा मारण्यासाठी कपाटाचे दार उघडून कपड्यांकडे तोंड करून गाणे हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरला.

पण या पद्धतीत एका गाण्याला पूर्ण आठवडा लागतो. दर रविवारच्या मिस्साला ती पुरत नाही.

चिंचआळी

आमच्या उत्तम शुक्रवारच्या गाण्याच्या मुद्रणात शेजारचा कोंबडा आरवला होता. कडवे पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला नाकारल्याचेच असल्यामुळे तो आवाज काढू नये, असे सर्वांचे एकमत झाले.

ध्वनिवेध

चिंचआळी, तो कोंबडा माझ्याकडच्या मूळ मुद्रणात अजून जपून ठेवला आहे. पावसाळ्यात मात्र कौलांवरचा आणि पत्र्यावरचा पाऊस कोणत्याही उपायाने काढता येत नव्हता. जुलैमध्ये मंडळी पहाटे उघडीप मिळताच उठून गात असत.

खाडीपलीकडे

मी रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा. येथे आतापर्यंत थेट प्रक्षेपण आणि ध्वनिमुद्रण या दोहोंतून निवड करण्याविषयी लिहिले गेले, पण आमच्या बाजूला काही काळ या दोन्ही गोष्टी नव्हत्या, याची नोंद व्हावी म्हणून लिहितो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब रस्त्यांवर पडले. रायगड जिल्ह्यातील कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलला चार्जिंग नाही, टॉवर बंद, मग प्रक्षेपण पाहणार कशावर? टाळेबंदीने चर्च बंद होते आणि वादळाने फोनही बंद पाडला.

त्या दिवसांत संध्याकाळी जपमाळेच्या वेळेला आमच्या वाडीत लोक आपापल्या दारात येऊन बसू लागले. ठरवून कोणी सुरुवात केली नव्हती. वाडीच्या एका टोकाला राहणाऱ्या एका वयस्कर बाईंनी नेहमीप्रमाणे जपमाळेनंतर मरियामातेचे गीत म्हटले आणि पंखे, टीव्ही, मोटारपंप असे सगळेच बंद असल्यामुळे ते शेवटच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू आले. दुसऱ्या दिवशी शेजारची घरे सामील झाली. मग मात्र गोंधळ होऊ लागला. टोकाची घरे एक अक्षर मागे राहत, मधली घरे कोणाला धरावे या विचारात थांबत, आणि गाणे रेंगाळत जाई. शेवटी त्या बाईंनीच तोड काढली. एका कडव्याला एकच घर, आणि ध्रुवपदालाही त्याच घराच्या डावी-उजवीकडची घरे. मग पुढचे कडवे पुढच्या घराकडे. गाणे वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घराघरांतून जात असे, आणि आपल्या घराची पाळी येईपर्यंत लहान मुले उंबऱ्यावर उभी राहून वाट पाहत. ज्या घरांत कधी कोणी गायले नव्हते, त्या घरांनाही पाळी आल्यावर गावे लागले.

वीज आली आणि हे हळूहळू थांबले. निर्मळतळेताई, आपल्या टिपणात वीज आणि नेटवर्क नसताना काय करावे याचा एक परिच्छेद अवश्य असावा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळही याच किनाऱ्याने गेले. आपल्या पट्टीत साथ आणि वादळ एकाच वेळी येऊ शकतात, हे आपण पाहिले आहे.

ध्वनिवेध

खाडीपलीकडे, आपल्या वाडीत जे घडले ते आणि झूमवर जे घडत होते ते मुळात एकच आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा मीटरवरच्या गाणाऱ्याचा आवाज आपल्याकडे सुमारे तीस मिलिसेकंदांनी पोहोचतो, तोवर निभते. शंभर मीटरवरच्या घराचा आवाज जवळजवळ तीनशे मिलिसेकंदांनी येतो आणि मग एकत्र गाणे अशक्य होते. त्या बाईंनी पाळी लावून दिली, हाच या अडचणीवरचा खरा उपाय आहे. एकत्र गाता येत नसेल, तर एकामागून एक गावे. विलंब कितीही असला, तरी बिघडत नाही.

पेटीमास्तर

वरची चर्चा वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी वेंगुर्ल्याचा, प्रॉटेस्टंट मंडळीतला, आणि आमच्याकडे मिस्सा नसून उपासना असते. पण प्रश्न तोच होता.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा जन्म आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी मराठी मंडळीच्या उपासनेत भजन, अभंग, ओवी आणि कीर्तन यांना हक्काची जागा मिळवून दिली. त्यांची पुष्कळ गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि आम्ही ती पेटी-तबल्यावर गातो. या गीतांची रचनाच अशी आहे की, एकाने ओळ म्हणावी आणि मंडळीने ती उचलावी, किंवा एकाने कडवे म्हणावे आणि सर्वांनी ध्रुवपदावर यावे. इंग्रजी चालीच्या चार आवाजांच्या गीतांत एक आवाज कमी पडला, तर बांधणी सुटते. भजनात मात्र एक गाणारा आणि एक उत्तर देणारा एवढे असले, तरी पुरते.

ऑनलाइन उपासना सुरू झाली तेव्हा पहिले काही रविवार मी आणि आमचे एक गायक मिळून सगळेच गात होतो: ओळही आम्हीच, उत्तरही आम्हीच. पाळकांनी एकदा विचारले, “मंडळीने कुठे गायचे?” त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. गायकाने ओळ म्हणायची आणि गप्प बसायचे. उत्तराच्या वेळी फक्त पेटीवर तीच ओळ पूर्ण वाजायची, त्यावर कोणाचाही आवाज नाही. ती जागा घरातल्या माणसांची. गाण्यापूर्वी पाळक एका वाक्यात सांगत, की पेटी एकटी वाजेल तेव्हा आपण म्हणायचे आहे.

सुरुवातीला लोकांना वाटले की, गायकाचा माइक बंद पडला आहे. पुढे सवय झाली. मग एका घरून निरोप आला की, सूर फार वर आहे, घरात चार माणसांत तो लागत नाही. ते खरेच होते. चर्चमध्ये शंभर आवाजांच्या आधाराने माणूस वर चढतो. घरात तो आधार नसतो. आम्ही काळी दोनची गाणी खाली पांढरी एकवर आणली आणि लयही जराशी सावकाश केली.

ध्वनिवेध यांनी विलंबाविषयी लिहिले आहे त्यात माझी एवढीच भर, की या पद्धतीत घरचा आवाज परत आमच्याकडे यायचा नसतोच, त्यामुळे प्रक्षेपण दहा सेकंदांनी पोहोचो की अर्ध्या मिनिटाने, घरातल्या माणसाला ओळ आणि उत्तर अगदी लयीत मिळते.

आता धाग्याचा मूळ प्रश्न. मी प्रत्यक्ष गाण्याच्या बाजूचा आहे, पण माझे कारण ताईंपेक्षा थोडे निराळे आहे. आम्हाला ध्वनिमुद्रण नको होते, कारण त्यात सगळ्या जागा आधीच भरलेल्या असतात. रिकामी ओळ ठेवून मुद्रण केले, तर माझी त्याला हरकत नाही.

अबोली

मी गायकवृंदात नाही. घरी बसून ऐकणाऱ्यांपैकी आहे, आणि त्या बाजूनेही कोणी लिहावे म्हणून लिहिते.

माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. तरुणपणापासून ते आमच्या चर्चच्या गायकवृंदात खर्जाचा भाग गात असत. थेट प्रक्षेपणात एकटी गायिका गायची, तेव्हा ते शांतपणे ऐकत. आवाज सुंदर होता, पण त्या एकेरी सुरावर आपला भाग कोठे बसवावा हे त्यांना कळत नसे. ज्या रविवारी जुन्या सणाचे ध्वनिमुद्रण लावले, त्या रविवारी पहिल्याच कडव्याला ते आपल्या भागावर आले. उशीवर डोके, डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटे चादरीवर ताल धरत होती, आणि बाकी तिन्ही आवाज यंत्रातून येत असताना चौथा आवाज त्यांच्या खाटेवरून येत होता. श्वास पुरत नव्हता तेथे ते सोडून देत आणि पुढच्या ओळीला बरोबर पकडत.

निर्मळतळेताई, आपण म्हणता की, मुद्रण म्हणजे मागच्या वर्षीची प्रार्थना. माझ्या वडिलांची प्रार्थना त्या दिवशीचीच होती. सहभागाच्या नावाखाली आपण मुद्रण सरसकट नाकारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निर्मळतळे

अबोलीताई, आपला प्रतिसाद मी काल रात्रीपासून पुन्हापुन्हा वाचते आहे. आमच्या गायकवृंदातही चार आवाजांची सवय असलेली ज्येष्ठ मंडळी आहेत आणि त्यांचा विचार व्हायलाच हवा. तरीही प्रभू दया कर, गौरवगीत, प्रतिसाद स्तोत्र आणि ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे मिस्साचे स्वतःचे भाग यंत्राने म्हणावेत, हे माझ्या मनाला पटत नाही; त्या जागी धर्मगुरू आणि लोक एकमेकांना उत्तर देत असतात. मिस्सापूर्वीचा अर्धा तास आणि मिस्सानंतरची गीते यांसाठी जुनी चार आवाजांची मुद्रणे लावावीत, आणि ती कोणत्या क्रमाने लागतील हे आधी कळवावे, म्हणजे आपल्या वडिलांसारख्यांना तयारीत राहता येईल, असे मला सुचते.

पेटीमास्तर, प्रतिसाद स्तोत्रात आमच्याकडे ही सोय मुळातच होती. गायकाने स्तोत्राची कडवी म्हणायची आणि लोकांनी ठरलेली ओळ. आम्ही मात्र ती लोकांची ओळही माइकवर म्हणत राहिलो. आपली पद्धत टिपणात जाईल.

अबोली

मिस्सापूर्वीचा अर्धा तास मिळाला, तरी पुष्कळ आहे. पण अर्पणगीतासाठी आणि ख्रिस्तशरीर स्वीकारतानाच्या गीतासाठीही विचार करावा. त्या वेळी घरातला माणूस काहीच स्वीकारू शकत नसतो आणि गाण्याखेरीज त्याच्या हाती दुसरे काही उरत नाही.

कट्टा

मी मालवणकडचा. अंत्यविधीचा विषय अजून निघालेला नाही, म्हणून लिहितो. टाळेबंदीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि करोनाने गेलेल्यांच्या बाबतीत तर घरचेही लांब उभे असत. आमच्या गावातल्या एका दफनाला धर्मगुरू, पीपीई घातलेले चौघे आणि दोन मुलगे एवढेच होते. तिसरा मुलगा मस्कतला होता आणि फोनवरून पाहत होता. कोणीतरी फोनवरच शेवटचे गीत लावले. वारा इतका होता की, काहीच ऐकू येईना. तेव्हा दफनभूमीच्या गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) थांबलेल्या शेजाऱ्यांपैकी एकाने ते गीत उचलले आणि बाकीच्यांनी बाहेरूनच साथ दिली. मास्क होते, अंतर होते, मोकळी हवा होती. मस्कतच्या मुलाने नंतर कळवले की, त्याला फोनवरचे मुद्रण ऐकू आले नाही, पण गडग्याबाहेरचे गाणे ऐकू आले.

मिस्साविषयी आपण काहीही ठरवा. अंत्यविधीला मात्र कोणाला तरी प्रत्यक्ष गाण्याची जबाबदारी आधीच सोपवून ठेवा. घरच्यांचा गळा त्या वेळी चालत नाही.

सागरीवैद्य

कट्टा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. उघड्यावर, अंतर ठेवून, दोन-तीन कडवी गाणे हे त्या काळातील अतिशय कमी धोक्याच्या गोष्टींपैकी होते.

देवगडचा भजनी

मी ख्रिस्ती नाही, तरी हा धागा पहिल्यापासून वाचत आहे. आपण जे लिहिता तेच आम्ही भजनी मंडळींनी सोसले. २०२० च्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वाटभर टाळ-मृदंग नव्हता. ऑगस्टमध्ये गणपती आले, पण घरोघरी जाऊन भजन करणारी आमची मंडळे घरीच बसली. भजनात बुवांच्या मागे कोरस नसेल, तर गजर चढत नाही. ज्या घरांत आम्ही जायचो, त्या घरांना बुवांनी फोनवर सांगितले की, मी इकडून ओळ देतो, तुम्ही झांज हातात घ्या आणि कोरस तुम्हीच करा. पेटीमास्तरांची रिकामी ओळ वाचली आणि हे आठवले. टिळकांनी ही रीत आपल्या मंडळीत नेली, ती अशा वेळी कामास आली याचा मनापासून आनंद झाला.

पेटीमास्तर

देवगडकर, आपला प्रतिसाद आमच्या पाळकांना वाचून दाखवणार आहे.

वाद्यांविषयी एक वेगळी सूचना करतो, कारण दारे उघडल्यावर अनेक ठिकाणी गाणे अडले ते यामुळे. बंद चर्चमध्ये कोकणातला एक पावसाळा पेटीला पुरा होतो. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याच्या घड्यांना बुरशी लागते, पितळी सुरांवर हिरवट थर येतो आणि दोन-तीन सूर बोलेनासे होतात. तबल्याची पुडी सैल पडते ती वेगळीच. वाद्ये चर्चमध्ये कुलूपबंद न ठेवता वादकाच्या घरी न्यावीत, पेटी रोज थोडी वाजवावी आणि कपाटात जुन्या पद्धतीचा एक छोटा बल्ब लावून उबदार ठेवावी. आणि एक विशेष विनंती: पेटीवर सॅनिटायझर फवारू नये. चपड्याचे पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळते. हात धुऊन वाजवावे आणि पट्ट्या किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात.

चिंचआळी

थेट प्रक्षेपणाविषयी आणखी एक बाब. आमच्या मिस्सात आमच्याच लोकांनी गायलेले, शंभर वर्षांहून जुन्या चालीचे गीत चालू असताना व्हिडिओ-संकेतस्थळाच्या स्वयंचलित यंत्रणेने एका संगीत कंपनीच्या मुद्रणाशी ते जुळवले आणि नंतर त्या भागाचा आवाजच बंद केला. जी मंडळी मिस्सा दुपारी पाहत, त्यांना ते गीत ऐकूच आले नाही. चाल कोणाच्या मालकीची नसली, तरी तिच्या एखाद्या मुद्रणावर हक्क असतो आणि यंत्रणेला त्यातला फरक कळत नाही. हरकत नोंदवल्यावर आवाज परत मिळाला, पण तोवर आठवडा उलटला होता. अशा हरकतीला उत्तर देणारी एक व्यक्ती नेमून ठेवावी आणि जुनी मुद्रणे लावताना ती कोणी, कोठे केली, याची नोंद जवळ असावी.

लाटांचे_गाणे

मला एक काळजी मांडायची आहे. एकट्या गायकाला पुढे उभे केले की, पडद्यावर तोच दिसत राहतो, आणि मिस्सा चालू असताना खाली “किती गोड गळा” असे अभिप्राय येऊ लागतात. आमच्याकडे कम्युनियनच्या (ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या) वेळी असे अभिप्राय येत होते. गाणाऱ्याचा दोष काहीच नाही, पण प्रार्थनेचे कार्यक्रमात रूपांतर होते. निदान गाण्याच्या वेळी कॅमेरा वेदीवर ठेवावा, गायकावर नव्हे, आणि पडद्यावर गीताचे शब्द द्यावेत.

ध्वनिवेध

शब्दांची सूचना अत्यंत योग्य आहे, आणि ते गायकाच्या आधी एक ओळ पडद्यावर यावेत, म्हणजे घरच्यांची सुरुवात चुकत नाही. माइक गायकाइतकाच पेटीलाही द्यावा. बहुतेक प्रक्षेपणांत पेटी लांबून ऐकू येत होती आणि रिकामी ओळ वाजली, तरी घरी तिचा आधार मिळत नव्हता. फोनवरूनच प्रक्षेपण करायचे असेल, तर फोन पेटीपासून हातभर अंतरावर आणि गायक त्याच्या मागे उभा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

निर्मळतळे

सर्वांची मनापासून आभारी आहे. टिपणाचा पहिला खर्डा केला असून त्यात प्रत्यक्ष गायन हाच नियम ठेवला आहे, मात्र लोकांची ओळ माइकवर कोणी म्हणू नये, ही अट घातली आहे. अर्पणगीत आणि कम्युनियनचे गीत यांसाठी चार आवाजांतील मुद्रण वापरावे की नाही, हा अबोलीताईंचा प्रश्न मी परिषदेपुढे आहे तसा मांडणार आहे. तेथे माझे मत विरोधात असेल, हेही प्रामाणिकपणे सांगते. वादळात वीज गेल्यास आळीतली घरे पाळीने कशी गातील, त्याचा परिच्छेद खाडीपलीकडे यांच्या शब्दांतच घेऊ इच्छिते. त्यांची परवानगी हवी आहे.

आता एकच बाब अडली आहे. घरून गाता येतील अशा गीतांची यादी जोडायची आहे. आमच्या संग्रहातील पुष्कळ गीते माडीवरच्या सोप्रानोंसाठी (सर्वांत वरच्या आवाजाच्या गायिकांसाठी) बसवलेली आहेत. पेटीमास्तर, आपण पांढरी एकवर आणलेल्या गीतांत सर्वांत वरचा सूर कोणता ठेवला होता?

खाडीपलीकडे

अवश्य घ्यावा. त्या बाईंना विचारले. त्यांचे नाव घालू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे.

पेटीमास्तर

ताई, पांढरी एकला षड्ज धरल्यास वरच्या षड्जाच्या पुढे ओळ जाऊ देऊ नका, आणि तेथेही ती रेंगाळू नये, लगेच खाली उतरावी. खाली मंद्र पंचमापर्यंत चालते, कारण घरात पुरुष मंडळी हळू आवाजात तेवढे सहज गाठतात. ज्या गीताचे ध्रुवपद एका श्वासात संपते, ते आधी घ्या. दोन श्वासांची ध्रुवपदे यादीच्या शेवटी. आमच्या मंडळीने वापरलेल्या गीतांची क्रमांकांसहित यादी मी येत्या रविवारनंतर येथेच देतो.